सफाईचा ठेका, कामगाराचा अपघात आणि विम्याचा हिशेब
(मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, नोकरी, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर विद्वान वक्त्यांनी मार्गदर्शन केले आहे. आम्ही विद्वान नाही. आम्ही बँकेत कारकून आहोत आणि कला शाखेचे पदवीधर आहोत. कायद्याची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु काउंटरवर बसणाऱ्या माणसाला समाजाचा हिशेब जवळून पाहावयास मिळतो. त्या अनुभवाच्या आधारे एका लहानशा परंतु जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या पट्ट्यात आपल्या वस्त्यांमधील अनेक तरुणांनी सफाईचे ठेके घेण्यास सुरुवात केली आहे. बँकांच्या शाखा, खाजगी दवाखाने, मंगल कार्यालये, सदनिका, एमआयडीसीतील कारखाने अशा ठिकाणी पाच-सात माणसे घेऊन ते काम करतात. ज्या हातांना पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या हुकमावर झाडू धरावा लागला, ते हात आता स्वतःच्या नावाने बिल देतात, जीएसटी भरतात, चार घरांची चूल पेटवितात. ही अभिमानाचीच बाब आहे. आमच्या वऱ्हाडच्या मातीत, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी गाडगेबाबांचा जन्म झाला आणि त्यांनी खराट्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु कामाला प्रतिष्ठा मिळाली म्हणजे काम करणाऱ्याला संरक्षण मिळाले, असे होत नाही. ते वेगळे मिळवावे लागते.

हे ठेकेदार कर्जासाठी बँकेत येतात तेव्हा सोबत जमाखर्चाचा कागद आणतात. त्यात मजुरी असते, फिनाइल-अ‍ॅसिडचा खर्च असतो, फरशी घासण्याच्या मशीनचा हप्ता असतो, मोटरसायकलचे पेट्रोलही असते. कामगारांच्या अपघात भरपाईच्या विम्याची ओळ मात्र बहुधा नसते. विचारले तर आपल्या वऱ्हाडी बोलीत उत्तर मिळते, "आतापावतर काही झालं नाही बाप्पा, मंग कायले भरा पैसे?" हेच उत्तर आज आपण तपासून पाहू.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. विमा काढला नाही म्हणून मालकाची जबाबदारी टळत नाही. जबाबदारी कायद्याने आधीच अंगावर आहे. विमा फक्त ती जबाबदारी उचलण्याची सोय करतो. म्हणून विम्याचा खर्च कमी करण्याचे मार्ग जरूर शोधावेत, परंतु कामगाराचे नाव लपविणे हा त्यातला मार्ग नव्हे. तो सर्वांत महागात पडणारा मार्ग होय.

हा कायदा आला कोठून? कारखान्यात हात तुटला तर तो मजुराच्या नशिबाचा भाग, अशी समजूत एकेकाळी सर्व जगात होती. जर्मनीने १८८४ मध्ये मालकांच्या वर्गणीतून अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडने १८९७ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला. आपल्या देशात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. या कायद्याचे मर्म असे की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. काम करीत असताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक, म्हणजे रोजंदारीच्या कामगारालाही या कायद्याचे संरक्षण मिळाले. तेव्हा "तो आमचा कायम माणूस नव्हता, दोन दिवसांपुरता आला होता" ही सबब त्या वेळेपासूनच संपलेली आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आज ज्याला आपण ईएसआय म्हणतो ती हीच योजना. बाबासाहेबांच्या खात्याने ज्या व्यवस्थेची पायाभरणी केली, तिच्यापासून आपल्याच वस्तीतील ठेकेदाराने आपल्याच वस्तीतील कामगाराला दूर ठेवावे, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

आता कायदा बदलला आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने १९२३ आणि १९४८ या दोन्ही कायद्यांची जागा घेतली. संहितेच्या चौथ्या प्रकरणात ईएसआय आहे आणि सातव्या प्रकरणात नुकसानभरपाई आहे. ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी सातवे प्रकरण. म्हणजे कामगार एका छत्राखाली नसेल तर दुसऱ्या छत्राखाली असावा, अशी ही रचना आहे. नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले, पण भरपाईचे गणित पूर्वीचेच राहिले आहे.

ते गणित आता पाहू. कामगाराचा मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला त्याच्या वयाप्रमाणे ठरविलेल्या गुणकाने गुणावयाचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के धरावयाचे. वय जेवढे कमी तेवढा गुणक मोठा, कारण कमावण्याची वर्षे अधिक गेलेली असतात. वय ३० असेल तर गुणक २०७.९८, वय ४० असेल तर १८४.१७, वय ५० असेल तर १५३.०९. हिशेबासाठी धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा जुन्या कायद्याखालील ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ८,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. हे आकडे बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, म्हणून पॉलिसी घेतेवेळी चालू आकडा विचारून घ्यावा.

समजा, १५,००० रुपये पगाराची ४० वर्षांची एक भगिनी कामावर मरण पावली. १५,००० चे निम्मे ७,५००, गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. ती ३० वर्षांची असती तर १५,५९,८५० रुपये. ४० वर्षांच्या कामगाराला कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ९,००० गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. हाताचा अंगठा गेला तर कायद्याच्या तक्त्याप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरतात, तेव्हा ४,९७,२५९ रुपये. हाड मोडून काही काळ घरी बसावे लागले तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडाले नाही तर भरपाई लागत नाही. शिवाय २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडे आलेला आहे.

शरीराची हानी किती टक्के हे नेहमी तक्त्यावरच ठरते असेही नाही. श्रीनिवास सबाता नावाच्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के धरण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या नावाने १९७६ च्या निवाड्यांत हे प्रकरण छापलेले आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने सांगितले. शिडीवर चढून काचा पुसणाऱ्याचा हात गेला तर काय होईल, याचा विचार ठेकेदाराने यावरून करावा.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे ३ वाजताच्या पाळीसाठी मोटरसायकलने निघाला होता. २२ एप्रिल २००३ रोजी कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावर अपघातात त्याचा मृत्यू झाला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये भरपाई व व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण अपघात रस्त्यात झाला होता, कामावर नव्हे. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासात झालेला अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर, कामातलाच अपघात समजावा असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेतही हीच तरतूद आहे. कुटुंबाला न्याय मिळाला, परंतु २२ वर्षांनी. आपल्याकडे सफाईच्या कामावरील भगिनी पहाटे पाचला घरून निघतात, बँक उघडण्यापूर्वी झाडपोस आटोपतात. त्यांच्यासाठी हा निकाल फार महत्त्वाचा आहे.

आता ठेकेदार बांधवांच्या मनातील प्रश्नाकडे येऊ. विमा काढला तर खर्च किती आणि तो आटोक्यात कसा ठेवावा?

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि अनेक खाजगी कंपन्या ही पॉलिसी देतात. पूर्वी दर एका मध्यवर्ती समितीच्या तक्त्याने ठरत असत. १ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले. म्हणून दोन-तीन कंपन्यांकडून लेखी कोटेशन घेतल्याशिवाय पॉलिसी घेऊ नये. ही पहिली बचत, आणि तिला काहीही मोल पडत नाही.

हप्ता ठरतो तो दोन गोष्टींवर. एक, वर्षभरात एकूण मजुरी किती वाटली जाणार. दोन, काम किती धोक्याचे. मजुरीच्या दर हजारामागे अमुक रुपये असा दर लागतो. येथेच दुसरी बचत आहे. समजा आठ कामगार आहेत आणि प्रत्येकाला महिना १५,००० रुपये मिळतात. वर्षाची मजुरी १४,४०,००० रुपये झाली. सहा जण आतील झाडपोस करतात, दोन जण उंचावर काचा व टाक्या साफ करतात. केवळ समजण्यासाठी धरू की आतील कामाला हजारी ५ रुपये आणि उंचावरील कामाला हजारी २० रुपये दर मिळाला. सहा जणांचे ५,४०० आणि दोघांचे ७,२०० मिळून १२,६०० रुपये हप्ता. त्यावर १८ टक्के जीएसटी २,२६८ धरून एकूण १४,८६८ रुपये. परंतु प्रस्तावाच्या फॉर्मवर कामाची विभागणी न लिहिता नुसते "सफाई व उंचावरील काम, ८ कामगार" असे लिहिले आणि सर्वांना वरचा दर लागला, तर हाच खर्च ३३,९८४ रुपये होईल. १९,११६ रुपयांचा फरक एका ओळीने पडतो. अर्थात जे काम वेगळे दाखविले ते प्रत्यक्षातही वेगळेच असले पाहिजे. आतल्या माणसाला एखादे दिवशी शिडीवर चढविले आणि तो पडला, तर कंपनी नेमका तोच प्रश्न विचारील.

तिसरी बचत वर्षाच्या शेवटी होते. हप्ता अंदाजी मजुरीवर घेतलेला असतो. प्रत्यक्ष मजुरी कमी झाली तर पॉलिसीच्या शर्तींप्रमाणे हिशेब करून मागावा. त्यासाठी हजेरी मस्टर, पगारपत्रक आणि बँकेतून केलेले पगार हा पुरावा लागतो. रोखीने मजुरी वाटणाऱ्याला हा हिशेब कधीच मागता येत नाही. पगार कामगाराच्या खात्यात जमा करा, असा आग्रह आम्ही बँकेचे नोकर म्हणून धरीत नाही. तुमचा हप्ता आणि कामगाराचा हक्क या दोहोंचा तोच एक साक्षीदार आहे, म्हणून धरतो.

चौथी बाब पॉलिसी वाचण्याची. उपचाराचा खर्च पॉलिसीत आपोआप असेलच असे नाही, तो जास्तीचा हप्ता भरून जोडावा लागतो. व्यवसायजन्य रोगांचे संरक्षणही विचारून घ्यावे. तुम्ही पुढे कोणाला पोटठेका दिला असेल तर त्याच्या माणसांचा उल्लेख करावा लागतो. भरपाई देण्यास उशीर झाला तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होता, नव्या संहितेनेही उशिराचे व्याज व दंड कायम ठेवले आहेत. पॉलिसीत व्याज वगळलेले असेल तर ते विमा कंपनीवर टाकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय आहे. १३,८१,२७५ रुपयांवर १२ टक्क्यांनी एका वर्षाचे व्याज १,६५,७५३ रुपये होते. ते मालकाच्या खिशातून जाते. म्हणून अपघात होताच त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. तारीख, वेळ, जागा, साक्षीदार, दवाखान्याचे कागद हे सर्व जपून ठेवावे.

आता त्या नकोशा मार्गाविषयी. आठ कामगार असताना फॉर्मवर पाच दाखवितात. वरील उदाहरणात आतील कामावरील तिघांची नावे गाळली तर वर्षाला ३,१८६ रुपये वाचतात. गाळलेल्यांपैकी एकाला काही झाले तर तेरा-चौदा लाखांची जबाबदारी येते आणि विमा कंपनी म्हणते, हा माणूस तुमच्या यादीत नाही. हीच गोष्ट पगार कमी दाखविण्याची. नव्या संहितेने वेतनाची व्याख्याही आवळली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक दाखविले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

ज्याच्याजवळ विमा नाही त्याने तेरा-चौदा लाख आणावयाचे कोठून? घर विकून, नाहीतर न देऊन. बहुतेक वेळा न देऊनच. मग त्या मृत कामगाराच्या घरी चार माणसे जातात, पन्नास हजार रुपये ठेवतात आणि स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" असा अंगठा घेतात. बंधू-भगिनींनो, अशा कागदाला किंमत नाही. हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने निरर्थक आहे. मृत्यूची भरपाई परस्पर घरी देता येत नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची आगाऊ रक्कम वगळता घरी दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही. तेव्हा ही युक्ती विधवेलाही बुडविते आणि ठेकेदाराला दुसऱ्यांदा देणे लावते. यात दोघेही आपलेच असतात, हे दुःख आणखी वेगळे.

ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक माणसे आहेत त्यांना ईएसआय लागू होते. २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे कामगार त्यात येतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. १५,००० पगारावर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे महिना. आपल्या वरील उदाहरणातील खाजगी पॉलिसी दर कामगारी महिना सुमारे १५५ रुपयांत पडते, म्हणून ईएसआय महाग वाटते. परंतु दोन्हींची तुलना एका तराजूत करू नये. ईएसआयमध्ये कुटुंबाला औषधोपचार मिळतो, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, बाळंतपणाचा लाभ मिळतो आणि कामावर मृत्यू झाल्यास अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा रक्कम मिळते. शिवाय ज्या कामगाराला ईएसआय आहे त्याच अपघातासाठी त्याला मालकाने पुन्हा भरपाई द्यावयाची नसते. म्हणून त्या कामगारांसाठी वेगळी पॉलिसी काढून दुहेरी खर्च करू नये. नव्या संहितेप्रमाणे दहापेक्षा कमी माणसे असलेल्यालाही स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाता येते. दहावा माणूस कागदावर येऊ नये म्हणून धडपडण्यापेक्षा हा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा.

बँकेत आणखी एक गैरसमज आमच्या कानी येतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, म्हणजे विमा झाला. ही योजना चांगलीच आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. प्रत्येकाने ती घ्यावी. परंतु तो कामगाराचा स्वतःचा विमा आहे. त्याने मालकाची जबाबदारी एका रुपयानेही कमी होत नाही.

हा सर्व खर्च भागवावयाचा कसा? टेंडर भरताना किंवा कोटेशन देतानाच तो वेगळ्या ओळीत दाखवावा. काम देणारी संस्था हात वर करू शकत नाही. ठेकेदाराच्या कामगाराला त्या संस्थेच्या कामात अपघात झाला तर कामगार थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो आणि मूळ मालक ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करतो. म्हणून समजदार संस्था पॉलिसीची प्रत आधीच मागते. दर पाडून ठेका मिळविणारा शेजारी दिसला की मोह होतो, हे आम्हाला कळते. परंतु दर कामगारी दीडशे रुपयांनी जो ठेका हातचा जातो, तो ठेका मुळातच तोट्याचा असतो.

सर्वांत मोठी बचत अपघात न होण्यात आहे. मागील वर्षांचे दावे पाहूनच कंपनी पुढील दर सांगते. ओल्या फरशीवर फलक ठेवणे, शिडी खालून एकाने धरणे, उंचावर पट्टा बांधणे, मशीनची वायर सोललेली नसणे, दवाखान्यात जाड हातमोजे देणे, ही कामे काही शे रुपयांत होतात. संडासचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो, हे प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्या दिवशी सांगावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अकोल्याच्या दुपारी गच्चीवरील टाकी साफ करावयास माणूस चढवू नये, पहाटेची वेळ ठेवावी. नुसता पट्टा विकत घेऊन खुंटीला टांगल्याने मालक मोकळा होत नाही. कामगाराने सूचना मोडली तरी मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास भरपाई द्यावीच लागते.

आणि एक काम असे आहे की ज्याचा विमा विचारूच नये, ते काम घेऊच नये. सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरविणे. २०१३ चा कायदा, जो ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेण्यास मनाई करतो आणि शिक्षाही सांगतो. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. त्या खड्ड्यात कोण उतरतो आणि तो कोणत्या वस्तीतून येतो, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. "पाच मिनिटांचे काम आहे" म्हणणाऱ्या घरमालकाला आपल्या ठेकेदाराने स्पष्ट नकार द्यावा आणि मशीनची गाडी बोलावण्यास सांगावे.

कामावर जाणाऱ्या बंधू-भगिनींना आमची विनंती अशी की, आपले नाव मस्टरवर आहे की नाही हे विचारा. पगार खात्यात घ्या. पॉलिसीचा किंवा ईएसआयचा क्रमांक घरी लिहून ठेवा, कारण विचारण्याची वेळ येते तेव्हा विचारणारा घरचा दुसराच कोणीतरी असतो. विद्यार्थी मित्रांनी आपल्या गल्लीतील एखाद्या ठेकेदार काकांचे मस्टर संगणकावर करून द्यावे, एखाद्या मावशीला फॉर्म वाचून दाखवावा. दहावी-बारावीच्या मुलाला हे गणित सहज जमते. वेतन, टक्केवारी आणि गुणक, एवढेच तर आहे.

भगवान बुद्धांनी सम्यक आजीविकेचा उपदेश केला. आम्हाला त्याचा साधा अर्थ एवढाच कळतो की, आपली भाकरी दुसऱ्याचे घर उघडे टाकून मिळविलेली नसावी. दर कामगारी दीडशे रुपये महिना म्हणजे दिवसाला पाच रुपये. तेवढ्यासाठी कोणाचे नाव यादीतून गाळू नये, ही कळकळीची विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो. 

जय भीम, जय भारत.